बिनठिपक्याची गुंडाळी

मिस्त्री आणि त्यांची बायको यांच्यात भांडण एकच होतं आणि ते लग्नाइतकंच जुनं होतं. इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज नक्की येतो कुठून? मिस्त्री म्हणायचे, लाकडातून. बायको म्हणायची, तारेतून.

दोघंही आपापल्या पोळीवर तूप ओढत होते हे उघडच आहे. गिटारीचं धड, मान, मानेवरची शिसवी पट्टी हे सगळं मिस्त्रींच्या हातचं. आणि स्ट्रिंगांच्या खाली जे पिकअप बसतं, लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घेतलेली ती गुंडाळी, ती बायकोच्या हातची. स्ट्रिंग थरथरली की गुंडाळीत वीज थरथरते, ती वायरीतून आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये जाते आणि अ‍ॅम्प बोलतो.

“यात तुमचं लाकूड आलं कुठं?” बायको विचारायची. “तुमचं लाकूड म्हणजे खुंटी. कोट सुंदर दिसला म्हणून खुंटीला कोणी टाळ्या वाजवत नाही.”

“आणि खुंटी नसेल तर तुझा कोट लोळेल जमिनीवर,” मिस्त्री म्हणायचे.

गिऱ्हाइकं मजेनं ऐकत उभी राहायची. त्यातली बहुतेक वाजवणारी माणसं. ती मिस्त्रींना मिस्त्रीच म्हणायची आणि बायकोला तारकाकू. कोणाची बाजू घ्यायची हे त्यांना कधीच ठरवता आलं नाही, कारण एकाची घेतली तर दुसऱ्याकडून काम उशिरा मिळायचं.

कारखाना म्हणजे एकामागे एक अशा दोन खोल्या. पुढची रस्त्यावर उघडणारी, मिस्त्रींची. तिथं भुसा, फळ्या आवळून धरायचे भिंतीवर टांगलेले शिकंजे, सरसाचा डबा, लॅकरचा वास. मागची बायकोची. खिडकीपाशी एक जुनं शिवणयंत्र होतं. त्याची सुई केव्हाच काढून टाकलेली आणि चाकाच्या आसावर पिकअपचा साचा बसवायची सोय केलेली. पायानं पायडल मारायचं आणि अंगठा नि तर्जनी यांच्या चिमटीतून तार सोडत राहायची. जास्त ताणली तर तुटते, कमी ताणली तर वेढा सैल पडतो. हे सगळं ती डोळे मिटून करायची. तेवढा वेळ तिच्या तोंडून शब्द निघत नसे. मिस्त्री म्हणायचे, संसारात शांतता हवी म्हणून मी गिटारी बनवतो.

गुंडाळी पुरी झाली की ती वरून कापडी पट्टी गुंडाळायची, मीटर लावायची, बोटानं दाबून बघायची. मनासारखी असेल तर पट्टीच्या टोकावर नेलपॉलिशचा लाल ठिपका. ठिपका दिला की त्यावर एक फुंकर. मनासारखी नसेल तर कात्री. ती उघडायची नाही, दुरुस्त करायची नाही, सरळ कापायची. मिस्त्रींचा जीव तुटायचा.

“अगं, इतकी तार वाया.”

“कच्चं काम घरात ठेवलं की त्याची सवय लागते,” ती म्हणायची.

तिच्या गुंडाळीची ख्याती अशी की ती कधी मेणात बुडवावी लागली नाही. बाकी सगळे बुडवतात. वेढे कितीही नीट घेतले तरी कुठे ना कुठे सैल राहतात, आणि सैल तार स्वतःच हलायला लागली की मोठ्या आवाजात अ‍ॅम्प किंचाळतो. म्हणून गरम मेणात गुंडाळी सोडायची, मेण आत शिरतं, गार झाल्यावर तारेला धरून ठेवतं. मिस्त्रींकडे मेणाचा डबा होता, पण तो बाहेरच्या दुरुस्त्यांसाठी. बायकोच्या गुंडाळीला मेण लावणं म्हणजे तिच्या तोंडावर तिचा अपमान. ठिपका दिसला की मिस्त्री पिकअप बसवून मोकळे. तिचं काम त्यांनी कधी तपासलं नाही आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

आता गंमत बघा, गावभरच्या लोकांच्या गळ्यात मिस्त्रींच्या गिटारी, आणि स्वतःच्या मुलीकडे मात्र दुकानातून विकत आणलेली तयार गिटार. मुलीला घरात खारू म्हणत. लहानपणी ती रंध्याखालची लाकडाची साल गोळा करून बाकाखाली लपवायची, म्हणून खारू. मोठी होऊन ती वाजवायला लागली, तिचा स्वतःचा बँड झाला. दर वर्षी मिस्त्री म्हणायचे, एवढी ऑर्डर हातावेगळी झाली की खारूची. ऑर्डरी काही संपत नव्हत्या.

शेवटी बायकोनंच टेबलावर हात आपटला. “गिऱ्हाइकं कुठं पळून जात नाहीत. आधी खारूची करा.”

“इतकी काय घाई आहे?”

“घाई मला आहे,” ती म्हणाली, आणि विषय तिथंच संपला. त्या वाक्याचा अर्थ मिस्त्रींना तेव्हा कळला नाही.

लाकूड त्यांनी कधीपासून राखून ठेवलं होतं. एक जुनं औषधांचं दुकान मोडलं, तेव्हा त्याच्या काउंटरची महोगनीची फळी त्यांनी खांद्यावरून घरी आणली होती. वरचा भाग लोकांच्या कोपरांनी गुळगुळीत झालेला, आतून लाकूड लालसर आणि शांत. फळी त्यांनी मधून चिरली, दोन्ही कडा रंध्यानं मारून एकमेकींना लावल्या, उजेडासमोर धरून पाहिल्या. फट दिसेनाशी होईपर्यंत हेच चालू. मागच्या खोलीत बायको त्याच गिटारीची गुंडाळी घेत होती. एरवी तिची एक गुंडाळी होईपर्यंत मिस्त्रींचा चहा गार होत नसे. ही मात्र लांबतच गेली. मध्येच शिवणयंत्राचा आवाज थांबायचा. एकदा मिस्त्रींनी डोकावून पाहिलं तर ती हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसली होती.

“काय गं?”

“डोळे चुरचुरतात. जा तुम्ही.”

मग एके दिवशी ती जिन्यात बसली ती उठलीच नाही, आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. आदल्याच संध्याकाळी मिस्त्रींनी धडाच्या दोन फळ्यांना सरस लावून शिकंजे आवळले होते. दवाखान्यात सकाळी ती बरी दिसत होती. उशीला टेकून बसली होती. पहिला प्रश्न तिनं काय विचारला असेल?

“धडाचे शिकंजे काढलेत?”

“राहू दे गं ते.”

“राहू दे कसं? सरस बाहेर आला असेल, तो वाळून दगड होईल. मग बसा खरवडत. जा, काढून या. मी कुठं पळून जाते?”

मिस्त्री गेले. शिकंजे काढले, कडेनं आलेला सरस खरवडला, जोडावरून तळहात फिरवला. जोड कुठे आहे हे हाताला कळत नव्हतं. आयुष्यात इतका चांगला जोड त्यांच्याकडून झाला नव्हता. हेच तिला सांगायचं म्हणून ते घाईघाईनं परत आले, तर तिच्या कॉटभोवतीचा पडदा ओढलेला होता आणि नर्स त्यांची वाट बघत उभी होती.

त्यानंतर ते धड भिंतीवर गेलं, पाठ फिरवून. मिस्त्री इतर कामं करत राहिले, कारण हात रिकामे ठेवून बसणं त्यांना जमत नव्हतं. बाहेरून आणलेली पिकअप बसवायला लागले. एकदा कशासाठी तरी बायकोच्या टेबलाचा खण उघडला तेव्हा खारूसाठीची ती गुंडाळी दिसली. पट्टी नीट गुंडाळलेली. ठिपका नव्हता. ठिपका द्यायची ताकद राहिली नसेल बिचारीला, असं त्यांच्या मनात आलं, आणि डोळे भरून यायच्या आत त्यांनी खण लावून टाकला.

गिटारीचा विषय काढला तो खारूनं. ती आली आणि उभ्या उभ्याच बोलली.

“बाबा, आमच्या बँडला मोठ्या सभागृहात बोलावलंय. मला ती गिटार हवी.”

“माझ्यानं नाही होणार, खारू.”

“आईनं सगळ्या जगासाठी गुंडाळ्या घेतल्या. माझ्यासाठी एकच घेतली. ती खणात पडून राहणार का? मला ती त्या सभागृहात वाजवायची आहे.”

 खारूनं भिंतीवरचं धड उतरवलं, बाकावर ठेवलं, कोपऱ्यातली पटाशी उचलली. “तुम्ही नाही, तर मी करते.”

तिनं पटाशी लाकडावर टेकवली मात्र, मिस्त्रींच्या अंगावर काटा आला.

“अगं ए! पटाशी धरायची ही पद्धत आहे? लाकूड आहे ते, भोपळा नाही!” त्यांनी तिच्या हातातून ती हिसकावून घेतली आणि काम सुरू झालं.

धडाला आकार दिला. कडा अशा गोल केल्या की बरगडीला टोचू नयेत. मानेसाठी खाचा पाडताना ते एकेक पापुद्रा काढत आणि मान बसवून बघत. मान नुसती दाबून बसली पाहिजे आणि ती उचलली तर धड तिच्याबरोबर उचललं गेलं पाहिजे, मग स्क्रू लावायचे, असा त्यांचा नियम होता. मान वाकू नये म्हणून तिच्या पोटात लोखंडी सळई घातली. शिसवी पट्टीवर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या बारीक तारा, ठोकले, त्यांची टोकं कानशीनं घासली, खारूला डोळे मिटून हात वर-खाली फिरवायला लावला आणि ती जिथं थबकली तिथं पुन्हा घासलं. खारू शाळेत गाणं शिकवायची, तिथले तास संपवून रोज यायची आणि भुशात बसायची. तिच्या हाताची बोटं केवढी, मनगट कुठं वळतं, बसून वाजवते तेव्हा खांदा किती झुकतो, हे सगळं मिस्त्री बघत होते. इतकी वर्षं मुलगी समोर होती आणि तिचा हात त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिला. लॅकरचे थर चढले. लाकडातून लाली वर आली.

मग खणातून गुंडाळी काढली. मिस्त्रींनी ती तळहातावर घेतली, तशीच जागेवर ठेवली, दोन वायरी सोल्डर केल्या, वरून झाकण लावलं. मेणाचा विचार त्यांच्या मनालाही शिवला नाही. का शिवेल?

स्ट्रिंगा चढवल्या. अ‍ॅम्पचा आवाज बारीक ठेवून खारूनं एक सूर छेडला. सूर उबदार होता, आणि किंचित घोगरा, सर्दी झालेल्या माणसासारखा. दोघंही एकमेकांकडे न बघता ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी खारू बँडच्या तालमीहून थेट कारखान्यात आली. गिटारीची केस भिंतीला टेकवली आणि पाणी प्यायला गेली. येऊन भुशात बसली, केस उघडलीच नाही.

“कशी वाजली?”

“छान.”

“मग तोंड का असं?”

“माझाच हात अजून बसत नाही तिच्यावर. बसेल.”

नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे वाजवणारे मिस्त्रींनी शेकड्यांनी पाहिले होते. अंगण वाकडं असताना आपलाच पाय वाकडा म्हणणारी ही पहिलीच. त्यांनी केस उघडली, गिटार अ‍ॅम्पला जोडली आणि आवाजाचं बटण सभागृहात ठेवतात तितकं वर नेलं. स्ट्रिंगला हातही लावला नव्हता, तरी अ‍ॅम्प किंचाळला. कानात सळई खुपसावी तसा. समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला.

मिस्त्रींनी बटण अर्ध्यावर आणलं आणि सगळ्यांवर संशय घेतला. वायर बदलली. अ‍ॅम्प बदलला. स्ट्रिंगा ज्या घोडीवरून जातात तिचे स्क्रू आवळले, सोल्डर पुन्हा केला, आतली पोकळी तपासली. स्वतःचं लाकूडसुद्धा तपासलं. एका जागी मात्र हात गेला नाही. खारू हे सगळं बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

“बाबा, लाकडावर टकटक करून बघा.”

मिस्त्रींनी बोटाच्या पेरानं धडावर टकटक केलं. अ‍ॅम्पमधून टकटक आली, दार वाजवल्यासारखी. नखानं ओरखडलं. अ‍ॅम्पमधून ओरखडा आला.

“हे काय?” ते गिटारीवर वाकून म्हणाले, आणि अ‍ॅम्पनं त्यांच्याच आवाजात विचारलं, हे काय?

“गुंडाळी सैल आहे,” खारू हळूच म्हणाली. “आमचा साउंडवाला आत्ता तालमीत म्हणाला. तार आतल्या आत हलतेय.”

“तुझ्या आईच्या हातची गुंडाळी सैल?” मिस्त्रींचा आवाज चढला. “त्या साउंडवाल्याला म्हणावं, तुझे कान धुऊन ये आधी! आणि तू ऐकून घेतलंस? तोंड वर करून मला सांगायला आलीस?”

“मी सांगायला आले नव्हते, बाबा,” खारू म्हणाली. “मी सांगणारच नव्हते.”

 मिस्त्री गिटार घेऊन मागच्या खोलीत गेले, खिडकीपाशी तिच्या टेबलावर आडवी ठेवली, स्ट्रिंगा सैल केल्या, झाकण उघडलं. वायरी तशाच जोडलेल्या ठेवून गुंडाळी वर काढली. पट्टीचं टोक सोडवलं आणि भिंग डोळ्याला लावलं.

लाकडाच्या रेषा वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. कुठल्या वर्षी झाड तहानलेलं राहिलं, कुठल्या बाजूनं वारा होता, हे ते फळीवरून सांगत. ही गुंडाळीही त्यांना तशीच वाचता आली. कडेतून दिसणारे अगदी आतले वेढे शिस्तीत होते, एकाला एक चिकटून. मग कुठे कुठे तार रेषा सोडून गेली होती. वर येता येता वेढे भरकटत गेले होते, एका जागी ढीग, एका जागी पोकळी. सगळ्यात वरचा थर तर तिचा वाटतच नव्हता.

हात थरथरत होता तिचा. शेवटी शेवटी ती चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची. थंडी वाजते म्हणायची. सुईत दोरा ओवून द्या म्हणायची, डोळे चुरचुरतात म्हणायची. बटणं असलेले कपडे तिनं घालायचे सोडले होते. सगळं मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर घडलं होतं आणि त्यांना ते डोळ्यांचंच दुखणं वाटलं होतं. ते तिच्या खुर्चीवर बसले आणि हमसून हमसून रडले. खारू दारात आली, आत आली नाही.

थोड्या वेळानं ती म्हणाली, “बाबा, मी माझी जुनी गिटार नेते. नाही तर यात दुसरं पिकअप बसवू. ही गुंडाळी एका डबीत ठेवून देऊ. आठवण म्हणून.”

“मेणात बुडवली तर?”

“तुम्हीच सांगा.”

मिस्त्रींनी मान हलवली. नीट घेतलेली गुंडाळी मेणाची ऊब सोसते. ही कुठे ताणलेली होती, कुठे लोंबत होती. गरम झाल्यावर साचा थोडा सरकला, आतली तार एका ठिकाणी जरी तुटली तरी संपलं. आतला धागा शोधून जोडणारा माणूस जगात नाही. आणि पुन्हा वेढे घ्यायचे म्हटलं, तर मग ती तिची गुंडाळी कशी म्हणायची?

“डबीतच ठेवू,” ते म्हणाले. “जिवंत तरी राहील.”

डबी शोधायला त्यांनी खण उघडला. खणात एका बाजूला कात्री होती, एका बाजूला नेलपॉलिशची बाटली. गुंडाळी याच दोघींच्या मध्ये ठेवलेली होती हे त्यांना आठवलं. तेव्हा त्यांनी खण चटकन लावून टाकला होता. आता मात्र ते बघत राहिले, आणि बघता बघता त्यांना ते दिसलं.

“खारू, ही पट्टी बघ. किती घट्ट गुंडाळलीय.”

“हो.”

“थरथरत्या हातानं पट्टी गुंडाळायची म्हणजे काय कष्ट पडले असतील. ते तिनं केलं. आणि ठिपका द्यायला तिच्यात ताकद नव्हती? एक थेंब तर लावायचा होता.”

खारू आत आली.

“तिला माहीत होतं,” मिस्त्री म्हणाले. “गुंडाळी सैल झालीय हे तिला माझ्या आधी माहीत होतं. म्हणून ठिपका दिला नाही. नापास केली तिनं. पण कात्री शेजारी होती, तरी कापलीही नाही. तुझ्या आईनं नापास गुंडाळी न कापता ठेवलेली तू कधी पाहिलीस?”

“नाही.”

“म्हणजे तिनं ती माझ्यासाठी ठेवली. मेणासाठी.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “इतक्या वर्षांत माझ्याकडे कधी मेण मागितलं नाही तिनं. एकदाच मागितलं, ते असं. आणि मी न बघता तसंच झाकण लावून टाकलं.”

“आणि तुटली तर?”

“तुटली तर तुटली. पण कच्चं काम तिनं घरात ठेवू दिलं नसतं. आठवण म्हणून तर मुळीच नाही.”

खारू पुढच्या खोलीत गेली. शेगडीवर पाण्याचं पातेलं चढवलं, त्यात मेणाचा डबा सोडला, आच मंद केली. मिस्त्री मागेच थांबले. गुंडाळीच्या वायरी सोडवायच्या होत्या, सोल्डर गन तापत होती. गिटारीची लांब वायर दारातून पुढच्या खोलीतल्या अ‍ॅम्पपर्यंत गेली होती. तिच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी धडावर बोटाच्या पेरानं हलकेच टकटक केलं आणि गुंडाळीवर वाकले.

“दुखत होतं तर बोलली का नाहीस गं?” ते म्हणाले. “बाकी सगळ्यावर बोलायचीस. कप मी धरला असता. तार मी धरली असती. मला येत नाही, पण शिकलो असतो.”

खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. शिवणयंत्राच्या चाकावर धूळ बसली होती. ती त्यांनी बाहीनं पुसली.

“शिकंजे काढले मी. जोड फार चांगला बसलाय. हाताला लागतच नाही. तेच सांगायला येत होतो. धावत येत होतो.”

मग त्यांनी वायरी सोडवल्या आणि गुंडाळी ओंजळीत घेऊन ते पुढे आले. अ‍ॅम्पचा लाल दिवा चालू होता. खारू त्यांच्याकडे पाठ करून उभी होती, तिचा हात आवाजाच्या बटणावर होता आणि बटण शून्यावर आणलेलं होतं. ते तिनं कुठल्या शब्दाला शून्यावर आणलं, हे मिस्त्रींनी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

“मेण झालं, बाबा,” ती म्हणाली.

मिस्त्रींनी गुंडाळीला दोरा बांधला आणि ती हळूहळू मेणात सोडली. क्षणभर काहीच झालं नाही. मग एक बारीक बुडबुडा वर आला. मग दुसरा, मग त्यांची माळच लागली. सैल वेढ्यांमध्ये अडकलेली हवा बाहेर निघत होती. जिथं जिथं तिचा हात थरथरला होता, तिथून तिथून ती निघत होती.

“किती वेळ ठेवायची?” खारूनं विचारलं.

“बुडबुडे थांबेपर्यंत. तोपर्यंत जागचं हलायचं नाही.”

दोघं शेगडीपाशी उभे राहिले. रस्त्यावरून कोणीतरी “मिस्त्री आहेत का?” म्हणून हाक मारली, मिस्त्रींनी ओ दिली नाही. बुडबुडे विरळ होत गेले. एक यायचा, मग बराच वेळ काही नाही, आता संपलं म्हणावं तर पुन्हा एक. मिस्त्रींचा हात दोऱ्यावर होता आणि नजर मेणावर. त्या सकाळी दवाखान्यात त्यांना हेच करायचं होतं आणि त्यांना शिकंजे काढायला जावं लागलं होतं. शेवटचा बुडबुडा फार बारीक होता. तो वर आला आणि फुटला.

“झालं, बाबा,” खारू म्हणाली.

“थांब जरा,” मिस्त्री म्हणाले. आणि दोघं अजून थोडं थांबले.

गुंडाळी गार झाल्यावर त्यांनी मीटर खारूच्या हातात दिला. त्यांना स्वतःला बघवेना. खारूनं गुंडाळीच्या दोन टोकांना मीटरच्या दोन सुया लावल्या. काटा हलला, आणि सरकत सरकत जिथं यायला हवा तिथं येऊन थांबला.  मिस्त्रींनी पट्टीचं टोक परत चिकटवलं, गुंडाळी बसवली, स्ट्रिंगा ताणल्या, अ‍ॅम्पचं बटण पार वर नेलं. किंचाळी आली नाही. मिस्त्रींनी धडावर टकटक केलं. अ‍ॅम्प गप्प. पुन्हा केलं. गप्प. हेच हवं होतं, तरीही त्यांना तिसऱ्यांदा टकटक करून बघावंसं वाटलं. ते मात्र त्यांनी केलं नाही.

खारूनं सगळ्या स्ट्रिंगा एकदम छेडल्या. खिडकीची तावदानं झणझणली आणि समोरच्या दुकानातला माणूस पुन्हा बाहेर आला, या वेळी हसत. झाकण लावायच्या आधी मिस्त्रींनी नेलपॉलिशची बाटली तिच्यापुढे धरली.

“तुम्ही द्या,” ती म्हणाली.

“पास-नापास माझ्याकडे कधीच नव्हतं. तूच दे.”

खारूनं ठिपका दिला. मिस्त्री वाकले आणि त्यांनी त्यावर फुंकर घातली.

सभागृह मोठं होतं. मिस्त्रींना पुढं बसायचा आग्रह झाला, ते मागे जाऊन बसले, कारण आवाज शेवटच्या रांगेत कसा पोचतो हे त्यांना बघायचं होतं. खारूनं पहिलाच सूर लांबवला. सूर इतक्या दूर आला, त्यांच्या अंगावरून गेला, मागच्या भिंतीला लागला आणि परत आला, तरी कुठे फाटला नाही. शेजारी एक वयस्कर माणूस बसला होता, जाणकार असावा. तो मान डोलवत मिस्त्रींकडे वळला.

“काय गोड आवाज आहे हो! लाकूड कुठलं असेल हे?”

हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून मिस्त्रींनी सारा जन्म काढला होता. बायकोसमोर विचारावा म्हणून तर फारच. औषधांच्या दुकानाचा काउंटर, महोगनी, हाताला न लागणारा जोड, सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं.

“लाकडाचं काही नाही हो त्यात,” ते म्हणाले. “आवाज येतो तो तारेतून. तार माझ्या बायकोच्या हातची आहे.”